पस्तीस कुठून आले?

52 मधून 27 वजा करा. तिसरीच्या वर्गात हे गणित फळ्यावर आलं की वह्यांमध्ये मुख्यतः दोन उत्तरं दिसतात. काही वह्यांत 25, आणि बऱ्याच वह्यांत 35. पंचविसावर बरोबरची खूण होते, पस्तिसावर लाल फुली पडते आणि पुढचं गणित सुरू होतं. मला त्या पस्तिसाबद्दलच सावकाश बोलायचं आहे. गणितातली अडचण आणि गणितातली सर्जनशीलता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं आपण शाळेत धरून चालतो. अडचण असेल त्याला जादा तास, आणि ज्याला काही सुचतं त्याला प्रदर्शनात जागा. पस्तीस हे उत्तर नीट वाचलं तर दोन्ही गोष्टी एकाच मुलात, एकाच ओळीत सापडतात.

नागपुरातल्या कुठल्याही प्राथमिक शाळेत अशा मुलाशेजारी बसावं आणि आवाजात राग न आणता विचारावं, ‘हे कसं केलंस, सांग बरं.’ उत्तर बहुधा असं येतं: ‘दोनातून सात जात नाही न मॅडम, मंग सातातून दोन काढले. पाच. अन् पाचातून दोन गेले, तीन.’ मूल हे अगदी खात्रीनं सांगतं. त्यानं अंदाजपंचे आकडा ठोकलेला नसतो. त्याच्याकडे नियम असतो आणि तो त्यानं प्रामाणिकपणे पाळलेला असतो.

हा नियम त्याला कुणी शिकवला? थेट कुणीच नाही. पहिलीत त्यानं ऐकलं होतं की वजाबाकीत मोठ्या संख्येतून लहान संख्या काढायची. तेव्हा संख्या एक अंकी होत्या, त्यामुळे ते वाक्य चाललं. बेरजेत त्याला दिसलं की दोनात सात मिळवा की सातात दोन, उत्तर एकच. मग दोन अंकी संख्या आल्या, एककाचं घर वेगळं आणि दशकाचं वेगळं झालं. त्यानं जुनं वाक्य उचललं आणि प्रत्येक घराला लावलं. आपल्याला माहीत असलेल्या दोन गोष्टी जोडून, कुणी न सांगितलेल्या ठिकाणी वापरून पाहिलेला हा त्याचा स्वतःचा नियम आहे. गणितात नवं काही घडतं तेव्हाही माणसं हेच करतात. फरक एवढाच की त्या मुलाचा नियम इथे चालत नाही.

हा नियमच आहे, निष्काळजीपणा नव्हे, हे ओळखायला फार वेळ लागत नाही. आणखी दोन गणितं घालावीत: 64 वजा 38 आणि 71 वजा 46. घाईत चुकलेलं मूल एखादं चुकवेल, एखादं बरोबर सोडवेल. हे मूल मात्र 34 आणि 35 लिहील. म्हणजे त्याची पुढची चूक आपण आधीच सांगू शकतो. 1978 मध्ये अमेरिकेत जॉन सीली ब्राऊन आणि रिचर्ड बर्टन या दोन संशोधकांनी वजाबाकीतल्या अशा चुकांची तपशीलवार यादी केली आणि मुलाच्या डोक्यातला चुकीचा नियम ओळखण्याचा सराव शिक्षकांना व्हावा म्हणून संगणकाचा एक खेळही तयार केला. प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करणं ही त्या यादीतली सर्वांत ओळखीची चूक. म्हणजे नागपूरचं मूल आणि बोस्टनचं मूल एकमेकांना न भेटता एकाच वाटेवर येतात.

आता चौथं गणित घालू: 85 वजा 32. त्याच मुलाचं उत्तर येईल 53. बरोबर. वहीवर खूण होईल, पाठीवर शाबासकीही मिळेल. पण नियम तोच आहे, जुनाच. इथे योगायोगानं वरचे दोन्ही अंक मोठे होते म्हणून तो लपला. बरोबर उत्तरामागे काय दडलंय हे आपण जवळजवळ कधीच विचारत नाही, आणि मला वाटतं की आपल्या गणिताच्या शिकवण्यातलं मोठं नुकसान इथे होतं. ‘असर’ या शालेय शिक्षणाच्या पाहणीत 2024 मध्ये ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी जेमतेम एक तृतीयांश मुलांना हातच्याची दोन अंकी वजाबाकी जमली. उरलेल्या दोन तृतीयांशांबद्दल ‘येत नाही’ एवढंच कळतं. त्यांच्या कागदावर काय होतं, कोणता नियम होता, ते एखाद्या शिक्षकानं शेजारी बसूनच वाचावं लागतं.

पस्तीस वाचायला घेऊ. आधी मुलालाच पडताळा करू द्यावा. ‘35 उरले म्हणतोस ना, मग गेलेले 27 परत त्यात घाल.’ मूल बेरीज करतं, 62 येतात. सुरुवातीला तर 52 होते. दहा जास्त कुठून आले? हा प्रश्न आता शिक्षकाचा राहत नाही, मुलाचा होतो. लाल फुलीनं एवढंच सांगितलं असतं की मॅडमना उत्तर आवडलं नाही. पडताळ्यानं त्याला त्याच्याच दोन कामांमधला मेळ बसत नाही हे दिसतं, आणि ते त्याला सहन होत नाही.

आता त्याच्या उत्तराचे दोन तुकडे करा. दशकाच्या घरात त्यानं 5 मधून 2 काढले, म्हणजे 50 मधून 20 गेले आणि 30 राहिले. हे बरोबर आहे. एककाच्या घरात 2 आणि 7 यांच्यातलं अंतर 5, हेही बरोबर आहे. दोन्ही तुकडे खरे आहेत. चुकली ती फक्त त्यांची जोडणी. 2 होते आणि 7 द्यायचे होते, तेव्हा पाच कमी पडले. ते पाच उरलेले नाहीत, द्यायचे राहिलेले आहेत. म्हणून 30 मध्ये 5 मिळवायचे नाहीत, 30 मधून 5 काढायचे: 25. दहा जास्त का आले तेही इथे उलगडतं. जे पाच जायचे होते ते आले, म्हणून दुपटीचा फरक पडला. 64 वजा 38 मध्ये तुटवडा चारचा आहे, म्हणून चूक आठची. मुलाला हे दिसलं की ते आपणहून पुढचं गणित घेऊन ताडून बघतं.

या पद्धतीत हातचा नाही, दशक सुटा करणं नाही, शेजारच्या घरातून उसना घेणं नाही. तरी ती शंभर टक्के पक्की पद्धत आहे. उणे अंक वापरून हिशेब करण्याची ही कल्पना इंग्लंडमध्ये जॉन कोल्सन यांनी 1726 मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात मांडली होती. तिचा एक धागा नागपुरालाही येऊन मिळतो. पुरीच्या गोवर्धन मठाचे शंकराचार्य भारती कृष्ण तीर्थ यांनी 1953 मध्ये नागपुरात विश्वपुनर्निर्माण संघ स्थापन केला. त्यांचं ‘वेदिक मॅथेमॅटिक्स’ हे पुस्तक त्यांच्या निधनानंतर 1965 मध्ये निघालं, आणि त्यात डोक्यावर आडवी रेघ असलेल्या उणे अंकांचा भरपूर वापर आहे. त्यातली सूत्रं उपलब्ध वेदवाङ्मयात सापडत नाहीत हे पुस्तकाच्या संपादकांनीच प्रस्तावनेत स्पष्ट केलं आहे, तेव्हा त्यांना वेदाचा आधार देण्याची गरज नाही. पण उणे अंकांची युक्ती गणित म्हणून स्वतःच्या पायावर उभी आहे. आज शिकवणी वर्गांत ती झटपट हिशेबाची क्लृप्ती म्हणून पैसे घेऊन शिकवली जाते. तिसरीतलं मूल त्याच दारापर्यंत फुकट, स्वतःच्या डोक्यानं येऊन पोहोचलेलं असतं, आणि आपण त्याच्या वहीवर फुली मारतो.

‘दोनातून सात जात नाही’ हे वाक्यही जरा बघण्यासारखं आहे. ते मूल म्हणतं, कारण वर्गात आपण म्हणतो. सहावीत पूर्णांक संख्या आल्या की तेच आपण सांगतो, दोनातून सात जातात, उणे पाच उरतात. तीन वर्षं ‘जात नाही’ म्हणून घोकलेलं मूल तिथे गोंधळतं आणि गणित मनमानी आहे असं त्याच्या मनात बसतं. पुष्कळ मुलांचा गणितावरचा विश्वास उडतो तो अशा ठिकाणी, अवघडपणामुळे नव्हे. ‘दोनातून सात काढले तर पाच कमी पडतात’ असं तिसरीत म्हटलं तर ते तिथेही खरं राहतं आणि सहावीतही.

मुलाची चूक वाचायची तर कधी कधी ती आपल्याच व्यवस्थेकडे बोट दाखवते. ‘बावन्न’ ऐकून 25 लिहिणारी मुलं प्रत्येक मराठी शाळेत असतात. त्यांनी ऐकलं तसंच लिहिलेलं असतं, दोन आधी, पन्नास नंतर. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘सत्तावीस’च्या जोडीला ‘वीस सात’ असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला, विधिमंडळापर्यंत विषय गेला. त्या वेळी गणिताच्या अभ्यासगटाच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. गणितातल्या डॉक्टरेटच्या मानकरी, आणि मुलांसाठी ‘गणितगप्पा’ लिहिणाऱ्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं: मुलं नेमकी कुठे अडतात ते पाहून ही सोय केली आहे. पाढे मोडले, भाषा बुडाली असं म्हणणाऱ्यांपैकी कितींनी 25 आणि 52 मध्ये अडकलेल्या सात वर्षांच्या मुलाजवळ बसून पाहिलं होतं, मला शंका आहे. मला स्वतःला ‘बावन्न’ हवंच आहे, ते आपलं आहे. पण ‘पन्नास दोन’च्या पायरीवरून मूल ‘बावन्न’पर्यंत चढत असेल तर ती पायरी काढून घेणं मला क्रूर वाटतं.

हीच 52 वजा 27 ची वजाबाकी नागपुरातल्या गोकुळपेठेच्या भाजीबाजारात बघा. भाजीचे सत्तावीस झाले. गिऱ्हाईक पन्नासची नोट देतं आणि चिल्लर सोपी व्हावी म्हणून वर दोनचं नाणं ठेवतं. गाडीवर आईला मदत करणारा दहा-बारा वर्षांचा मुलगा क्षणात पंचवीस परत करतो. दोनचं नाणं नसेल तर तो वजाबाकीच करत नाही: ‘सत्तावीस, हे तीन, तीस. अन् हे वीस, पन्नास.’ खालून वर मोजत जातो. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या हजाराहून अधिक मुलांचा असा अभ्यास केला. तो 2025 मध्ये ‘नेचर’मध्ये आला. गुंतागुंतीचा व्यवहार तोंडी करणारी ही मुलं शाळेच्या मांडणीतलं साधं उदाहरण समोर ठेवलं की अडखळत होती. आणि शाळेचं गणित जमणाऱ्या, बाजारात काम न करणाऱ्या मुलांना बाजारातला हिशेब जमत नव्हता. दोन्हीकडे मुलांना गणित येत होतं. त्यांना एका जागेहून दुसऱ्या जागी नेणारं कुणी नव्हतं. भाजीच्या गाडीवरच्या मुलाला वर्गात कुणी ‘तू बाजारात कसं करतोस ते फळ्यावर करून दाखव’ असं म्हटलं, तर त्याला आपल्या डोक्यात पद्धत आहे हे पहिल्यांदा कळेल.

सर्जनशील गणित म्हणून शाळांमध्ये जे चालतं ते बहुतेक वेळा सजावटीचं असतं. थर्माकोलचे घन, रंगीत पाढ्यांचे तक्ते, पालकांनी रात्री जागून केलेलं मॉडेल. त्याला माझा विरोध नाही, पण त्यात मुलाचा विचार कुठे आहे हे शोधावं लागतं. नागपुरात महापालिकेच्या शाळांमधली मुलं अपूर्व विज्ञान मेळाव्यात बाटल्या, फुगे, स्ट्रॉ अशा साध्या वस्तूंचे प्रयोग आल्यागेल्याला स्वतः समजावून सांगतात. तिथली खरी किंमत वस्तूंची नसते, त्या सांगण्याची असते. परक्या माणसाला ‘हे असं का होतं’ हे आपल्या शब्दांत सांगताना मूल अडतं, मागे जातं, पुन्हा सांगतं. गणिताच्या तासाला हेच हवं, आणि त्याला खर्च काहीच नाही.

वेळेचा प्रश्न खरा आहे. चाळीस वह्या, अभ्यासक्रमाची घाई, शाळाबाह्य कामं, हे सगळं सांभाळून प्रत्येक मुलाशेजारी बसणं शिक्षकांना जमत नाही. पण एक करता येतं. रोज एकच चुकीचं उत्तर, कुणाचं ते न सांगता, फळ्यावर लिहावं आणि वर्गाला विचारावं, ‘हे उत्तर यायला त्यानं काय केलं असेल?’ मुलं तुटून पडतात. कुणाची तरी चूक हुडकण्याचा हा खेळ राहत नाही, दुसऱ्याच्या डोक्यात शिरून बघण्याचा होतो. ज्याची चूक आहे त्याला आपला विचार सगळ्या वर्गानं गांभीर्यानं घेतला असं वाटतं, आणि त्याच्या जोडीला तसाच नियम मनात ठेवून बसलेली पाचसहा मुलं गप्पपणे आपली वही दुरुस्त करतात.

वजाबाकीचा सराव तरीही लागतोच. समजलं म्हणजे हात बसला असं होत नाही. मग सराव करायचा तर महाराष्ट्रातल्या एका शाळामास्तरानं दिलेल्या देणगीइतकं चांगलं साधन मला माहीत नाही. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म 1905, डहाणूचे. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकताना 1927 मध्ये त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं. पदव्युत्तर पदवी त्यांनी घेतली नाही. नाशिकजवळ देवळालीला शाळेत शिकवलं आणि 1962 मध्ये तिथूनच निवृत्त झाले. आपलं काम छोट्या पुस्तिकांतून आणि लहानसहान नियतकालिकांतून छापत राहिले. विद्यापीठांतल्या अनेकांना ते करमणुकीचं वाटलं. 1975 मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं आणि जगभर त्यांचं नाव झालं.

त्यांनी 1949 मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडलेली गोष्ट तिसरी-चौथीचं मूल करू शकतं. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं मांडा, त्यातून चढत्या क्रमानं मांडलेली संख्या वजा करा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच करा. त्यांचंच जन्मवर्ष घेऊ, 1905. 9510 वजा 0159, उत्तर 9351. मग 9531 वजा 1359, उत्तर 8172. पुढे 7443, 3996, 6264, 4176 आणि सातव्या पायरीला 6174. आता 6174 वरही तेच करा: 7641 वजा 1467, पुन्हा 6174. कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथेच पोहोचता. प्रत्येक उत्तराच्या अंकांची बेरीज 9 च्या पटीत येते, त्यामुळे मुलाला आपली चूक बहुतेक वेळा आपणच पकडता येते, मॅडमकडे जायला नको.

हातच्यांनी भरलेल्या सात वजाबाक्या शिक्षा म्हणून दिल्या तर मुलं कंटाळतात. 6174 च्या मागे लागलेली मुलं त्या स्वतः मागून घेतात, कारण शेजाऱ्याची संख्या तीनच पायऱ्यांत का पोहोचली हे त्यांना शोधायचं असतं.

आणि पस्तीसवाल्या मुलाचं काय? त्याचा नियम अजून सुटला नसेल तर तो 6174 पर्यंत पोहोचणार नाही. पण तो पोहोचतो कुठे, हे बघू. 9510 मधून 0159, प्रत्येक घरात मोठ्यातून लहान: 9, 4, 4, 9. म्हणजे 9449. पुढची पायरी 9944 वजा 4499: 5, 5, 5, 5. पुढे 5555 मधून 5555 गेले, शून्य. दुसरी संख्या घेतली, तिसरी घेतली, तरी तो जास्तीत जास्त तीन पायऱ्यांत शून्यावरच येतो, नेहमी. कारणही साधं आहे. पहिल्या पायरीला टोकाचे दोन अंक एकसारखे येतात आणि मधले दोन एकसारखे. ते उतरत्या आणि चढत्या क्रमानं मांडले की चारही घरांत तोच फरक पडतो, आणि चारही अंक सारखे झाले की पुढे काही उरत नाही. हा सिद्धांत आहे, त्याला सिद्धताही आहे, आणि तो त्या मुलाच्या चुकीच्या नियमातून निघाला आहे. ‘तुझ्या नियमानं सगळे शून्यावर जातात, कापरेकर सरांच्या नियमानं 6174 वर’ असं फळ्यावर शेजारी शेजारी मांडलं की दोन्ही नियमांत फरक कुठे पडतो हे वर्ग स्वतः शोधू लागतो.

तीन अंकी संख्येवर गंमत बदलते. बरोबर वजाबाकी केली तर सगळे 495 वर येतात. त्या मुलाच्या नियमानं 751 घेतले तर 606 मिळतात, आणि मग कितीही वेळा करा, 606 च राहतात. 842 घेतले तरी 606. 321 घेतले तर 202. म्हणजे तिथे शून्य नाही, नऊ वेगवेगळे मुक्काम आहेत. पाच अंकी संख्येचं काय होतं हे मी इथे लिहीत नाही. तिसरी-चौथीच्या मुलांना ते एका तासात सापडतं.